वळणापर्यंतचा नवस

मधुमेह निघाला की डॉक्टर "रोज चाला" म्हणतात, आणि बाई घरी येऊन विचारात पडते की चालायचं कुठं आणि कुणाला काय सांगून. पुरुषाला हा प्रश्न पडत नाही. तो टोपी घालतो आणि बाहेर पडतो. आमच्या पेठेतल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, "तुम्ही बऱ्या कशा झालात?" मी "चालून" एवढंच सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. चालण्यानं माझं काय भलं झालं ते इथं लिहीन, आणि ते भलं करून घेताना मी एका बाईशी कशी वागले तेही लिहीन. दुसरं गाळून नुसतं पहिलं सांगायला मन घेत नाही.

*

लढाई सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. मी चाळिशी ओलांडलेली. यजमान साताऱ्यातच शाळामास्तर, मुलगा पुण्याला शिकायला आणि मुलगी कुसुम घरात. मला तहान फार लागायची. तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायची. तळपायांची आग व्हायची. आणि मोरीत मुंग्या लागायच्या.

मुंग्यांवरून मी कुसुमला बोलायची. "मोरी नीट धुतलीस का? गुळाचा हात तिथं धुतलास का?" पोर राख टाकून पुन्हा मोरी घासायची. माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षी आमच्या मोरीत अशाच मुंग्या लागत होत्या. मला ते आठवत होतं. आठवत असूनही सहा महिने मी मुलीलाच बोलत राहिले, कारण तिला बोलणं सोपं होतं.

मग पाठीवर काळपुळी आली. सांगलीचा माझा भाऊ येऊन मला घेऊन गेला. सातारा रोड स्टेशनापर्यंत मोटार, पुढं आगगाडी. पाठ टेकता येत नव्हती, म्हणून सगळा प्रवास समोरच्या बाकावर हात आणि हातांवर डोकं ठेवून केला. सांगलीच्या इस्पितळात डॉक्टरांनी काळपुळी कापायच्या आधी लघवी तपासली. काचेच्या नळीत निळं औषध घालून ती दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल.

"ताई, ही बघा तुमची साखर."

मी विचारलं, "किती वर्षं काढीन?"

"ते तुमच्या पायांना विचारा," ते म्हणाले.

मला वाटलं, पाय कापायचे म्हणतायत. तिथंच घेरी आली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. इंजेक्शनं देऊ, पण लढाईमुळं ती मिळतील याचा भरवसा नाही. भात कमी, गोड बंद. आणि रोज दोन मैल चालायचं, पाऊस असो, पाहुणे असोत. "चालणं काही बोटीतून यावं लागत नाही," ते म्हणाले.

*

इस्पितळात सव्वीस दिवस होते. पहाटे सुई, मग पट्टी बदलायची. पट्टी सोडताना मी उशी चावायची. मग बिनसाखरेचं दूध आणि दुपारपर्यंत छताकडं बघणं. भीती वाटायची ती मरणाची कमी आणि जखम भरणार नाही याची जास्त. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची जखम भरली नव्हती. तिला घरी नेलं तेव्हा तिच्या सुनेनं माझ्याकडं बघून डोळे खाली केले.

तिथली एक नर्स फार कडक होती. दहाव्या दिवशी तिनं मला उठवलं आणि व्हरांड्यात चालायला लावलं. "त्या खांबापर्यंत." दुसऱ्या दिवशी, "त्याच्या पुढच्या." अठरा खांब होते. अठराव्या खांबाशी पोचले त्या दिवशी तिनं मला हात धरून खाली कृष्णेचं पाणी दाखवलं. त्या दिवशी मला इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागली. माझ्या आजारपणात परक्या माणसानं माझ्यावर केलेली पहिली दया ती.

*

साताऱ्याला परत आले आणि चालायला बाहेर पडले. शेजारच्या काशीताई ओट्यावरच होत्या.

"अगबाई, एवढ्या लगबगीनं कुठं? कुणाचं काही बरंवाईट?"

"नाही हो, चालायला."

"चालायला म्हणजे कुणाकडं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुसुमला विचारलं, मास्तरांशी काही बिनसलंय का. तिसऱ्या दिवशी आणखी एकीनं विचारलं, हातात पिशवी नाही, बरोबर कुणी नाही, माहेरी चाललात की काय? त्यात ते बेचाळीसच्या धरपकडीचे दिवस. डोंगराच्या बाजूला जाणाऱ्याकडं पोलीसही वळून बघायचे. यजमान म्हणाले, "परसात फेऱ्या मार." परसात बारा पावलं होतात. आठ दिवस मारल्या. घाण्याच्या बैलासारखं वाटलं आणि नळी लाल ती लालच.

मग मी एक युक्ती केली. तबकात फुलं, हळदकुंकू आणि उदबत्ती घेतली आणि काशीताईंना सांगितलं, "डोंगरावरच्या यवतेश्वराला बोलले होते. बरी होऊन घरी आले तर रोज चालत दर्शनाला येईन."

काशीताईंनी हात जोडले. फक्त पायांकडं बघून म्हणाल्या, "नवसाला जायचं आणि पायात वहाणा?"

मधुमेह असताना अनवाणी चालायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. तळपायाला काटा लागला तर तो कळायचाही नाही. मी म्हटलं, "पायरीशी काढते."

पायरीपर्यंत मी कधी गेलेच नाही.

आमच्या घरापासून डोंगराचा पायथा मैलभर. तिथून चढ लागतो. पहिल्या वळणावर एक सपाट काळा दगड आहे. तिथं बसलं की सगळं गाव खाली दिसतं आणि समोर अजिंक्यतारा. पहिल्या दिवशी मी त्या दगडापर्यंत कशीबशी पोचले. छाती भात्यासारखी हलत होती. फुलं दगडावर ठेवली, कुंकू लावलं आणि परत फिरले. जाऊन-येऊन दोन मैलांच्या वरच झाले. डॉक्टरांचं काम झालं होतं.

*

दीड महिन्यात काय फरक पडला तो सांगते. तळपायांची आग गेली. तांब्याभर पाणी दुपारपर्यंत पुरायला लागलं. मोरीतल्या मुंग्या गेल्या. झोप लागू लागली, आणि सकाळी उठताना अंग दुसऱ्याचं असल्यासारखं जड वाटायचं तेही थांबलं. गावातल्या डॉक्टरांकडं नळीचा रंग हिरव्यावर आला.

मनाचं म्हणाल तर, इस्पितळातून आल्यापासून मी उगाच रडायची. भाजी चिरताना, केस विंचरताना. वळणावर बसायला लागल्यापासून ते थांबलं. कसं ते मला सांगता येणार नाही. चालताना डोक्यातले विचार संपत नाहीत, पण ते एकामागून एक येतात, अंगावर धावून येत नाहीत. कुसुम एकदा म्हणाली, "आई, तू हल्ली आधी ऐकून घेतेस, मग ओरडतेस." तिच्याकडून हे मोठंच प्रशस्तिपत्र होतं. त्या दिवशी मी तिला मुंग्यांचं खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." आणि धुणं वाळत घालायला गेली.

*

आता हौसाबाई.

ती आमच्याकडं दूध घालायची. पायथ्याच्या वस्तीत घर, दोन म्हशी, थोडं रान. नवरा नव्हता. एकुलता मुलगा संपत पलटणीत होता आणि पूर्वेला मलायात लढाईवर गेला होता. वर्ष होत आलं, त्याचं पत्र नव्हतं. हौसाबाईची पत्रं मीच लिहून द्यायची. ती चुलीजवळ उकिडवी बसून सांगायची, मी लिहायची, यजमान पाकिटावर इंग्रजी पत्ता घालायचे.

दिवाळी होऊन गेल्यावर एकदा ती दूध मापताना थांबली.

"मास्तरीणबाई, तुमी रोज देवाला जाताय न्हवं?"

"हो."

"मग माझं येवढं काम करा. मी बोलले हाय, पोर घरला येईस्तवर रोज दिवा लावीन म्हनून. पर धारा काढून दूध घालीपतुर सूर्व्या डोक्यावर येतो. सून हिवतापानं आडवी, नात ल्हान. मला वर जायाला कवा व्हनार? तुमी जाताच हाय, तर माझं त्याल न्या. बाटली माज्या उंबऱ्याशी ठेवीत जाईन."

मी नाही म्हणायला हवं होतं. "मी वळणापर्यंतच जाते, बाई" एवढं वाक्य. पण ते तिला सांगायचं म्हणजे काशीताईंपर्यंत जाणार. मी म्हटलं, "ठेवा."

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी औषधाची छोटी बाटली होती, तोंडाला चिंधीचं बूच. ती तबकात ठेवली. आज वरपर्यंत जाऊच असं ठरवलं होतं. वळणावर बसले, उठले, वर बघितलं. वाट चढतच होती. घरी स्वयंपाक व्हायचा होता. उद्या दोन्ही दिवसांचं एकदम घालू म्हणून बाटली घरी आणली. दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली परत द्यायला हवी, म्हणून तेल वाटीत काढलं. तिसऱ्या दिवशीचंही वाटीत. मग वाटी भरली. तेल सांडून टाकणं माझ्या हातून होईना. लढाईच्या दिवसांत तेल कोण सांडतं? मी ते फोडणीच्या बुधलीत ओतलं.

एकदा ओतल्यावर पुढं काही वाटेनासं झालं. हेच मला सांगायचं आहे. पहिल्या दिवशी फार वाटलं, चौथ्या दिवशी थोडं, महिन्यानं मी बाटली उघडून बुधलीत उपडी करायची आणि कुसुमला भाजीचं सांगायची.

मधे तिनं पत्र सांगितलं. "लिवा, तुज्या नावानं येवतेसुराला रोज दिवा लागतोय. लिवलं?"

"लिहिलं."

"मास्तरीणबाई सोता नेऊन लावत्यात, आसंबी लिवा. त्येला बरं वाटंल."

मी तेही लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

*

चैत्रात सरकारी कागद आला. तो वाचून घ्यायला हौसाबाई आमच्याकडं आली. यजमानांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "ठावठिकाणा लागत नाही, असं लिहिलंय. गेला असं नाही लिहिलेलं."

"मंग जानार कुठं?" ती म्हणाली. "माझा दिवा जळतोय न्हवं वर. आवं, एक दीस चुकला न्हाई. काय मास्तरीणबाई?"

त्याच वेळी आत कुसुमनं फोडणी टाकली. मोहरी तडतडली आणि तेलाचा वास माजघरात आला. मी "हो" म्हटलं की काय, मला आठवत नाही. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि बुधलीकडं बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी वळणावर बसले नाही. तशीच वर गेले. दोनदा थांबले, घाम पुसला, पण गेले. वहाणा पायरीशी काढल्या. गुरव म्हणाले, "नव्या दिसता. कधी बघितलं न्हाई." बाटलीतलं तेल घालून दिवा लावला.

खाली उतरताना डोक्यात एकच होतं. मला जमत होतं. कदाचित महिन्यापूर्वीच जमलं असतं, दोन महिन्यांपूर्वीही. दम लागतो हे कारण केव्हाच संपलं होतं. मी गेले नव्हते, एवढंच.

हौसाबाई दूध घालून परत आली होती. गोठ्याशी वैरण तोडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"हौसाबाई, मी आज पहिल्यांदा देवळात गेले."

तिला कळलं नाही. "म्हंजी?"

"आजवर वळणापर्यंतच जात होते. त्या काळ्या दगडापर्यंत."

"आन् त्याल?"

"घरी नेलं. फोडणीला घातलं."

तिनं कडब्याची पेंढी खाली ठेवली. "समदं?"

"आजचं सोडून सगळं."

तिनं डोंगराच्या वाटेकडं बघितलं. मग म्हणाली, "वर गुराखी जात व्हते. मोळीवाल्या जात व्हत्या. कुनाच्याबी हाती दिलं आसतं. तुमी शिकल्याल्या, तुमी पत्र लिवता, म्हनून तुमास्नी दिलं." पेंढी पुन्हा उचलली. "पत्रातबी लिवलंसा की."

"हो."

"सोताच्या हातानं."

"हो."

"जावा आता. म्हशीला पानी दावायचं हाय."

दुसऱ्या दिवसापासून आमचं दूध बंद झालं. यजमान म्हणाले, "सांगितलंस कशाला? तेवढाच तिला आधार होता." मी त्यांच्याशी भांडले. पण ते चूक बोलले असं आजही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी तिच्यासाठी सांगितलं की मला पेलवेना म्हणून सांगितलं, हे मला ठरवता आलेलं नाही.

*

मी घरचं तेल घेऊन रोज वरपर्यंत जाऊ लागले. नवव्या दिवशी बघते तर दिवा आधीच लागलेला. गुरव म्हणाले, "हौसाबाई यिऊन गेली." सून आता हिंडती-फिरती झाली होती. तिच्याकडं धारा देऊन हौसाबाई स्वतःच चढू लागली होती.

मी जायची थांबले नाही. वाटेत ती उतरताना भेटायची. मान वळवून निघून जायची. महिना-दीड महिना असाच गेला. मग ती माझ्याच वेळेला चढू लागली. पहिल्याच दिवशी मी वळणाजवळ पोचले आणि मागून तिचा आवाज आला.

"बसा, मास्तरीणबाई. तुमचं देऊळ आलं."

मी चालत राहिले. ती पुढं निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हे शब्द मला चाबकासारखे लागायचे, पण मी वेळ बदलली नाही. ऐकून घ्यायला तर जात होते.

पावसाळा गेला, दुसरा गेला. टोमणा तोच राहिला, पण आवाजातली धार हळूहळू उतरली. केव्हातरी आम्ही बरोबर चालू लागलो. ती पुढं, मी चार पावलं मागं. एकदा ती आपण होऊन म्हणाली, "पयल्यानं आढ्याकडं बघत पडायची. आता वर चढून आले की डोळा लागतो." मी म्हटलं, "मलाही." त्यापुढं आमचं बोलणं म्हशी, नात आणि माझ्या नळीचा रंग एवढ्यावरच राहिलं. आमच्याकडं दूध पुन्हा सुरू झालं. तिच्या उंबऱ्याशी बाटली मात्र पुन्हा कधी दिसली नाही.

*

लढाई संपल्यावर दुसरा कागद आला. संपत गेला होता, पहिल्याच झटापटीत. कागदावर तारीख होती. यजमानांनी ती वाचली आणि मी मनातल्या मनात महिने मोजले. माझ्या हातात पहिली बाटली आली त्याच्या कितीतरी आधीची ती तारीख. मी पत्रं लिहीत होते ती त्याला मिळणारच नव्हती.

एक आई समोर बसलेली, हातात तो कागद, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. सुटले, असं वाटलं. मला ते वाटलं, हे मी लपवणार नाही. तेल फोडणीला घातलं त्याहून हे मला जास्त लागतं.

हौसाबाईनंही तो हिशेब केला असावा. कागद घडी करून कमरेला खोचताना ती म्हणाली, "म्हंजी तुमचं त्याल त्येच्या आड आलं न्हाई."

तिनं हे माझ्यासाठी म्हटलं. त्या दिवशी, त्या घटकेला, तिनं माझा विचार केला. मला तोंड वर करता आलं नाही.

पंधरा दिवस ती वाटेवर दिसली नाही. मग पुन्हा येऊ लागली. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "आता दिव्यासाठी न्हाई. पायांस्नी सवय लागली." वळणावरून आम्ही मुकाट्यानं जायचो. तो टोमणा बंद झाला होता. मला तो हवाहवासा वाटायचा.

*

ज्यांना नुकता मधुमेह निघाला आहे त्या बायांसाठी चार गोष्टी. चांगल्या वहाणा करून घ्या आणि देवापुढं सोडून कुठंही काढू नका. रोज एकाच वेळी निघा, म्हणजे घर त्या वेळेला सरावतं. पहिला महिना दम लागेल. तो कधी संपला याकडं लक्ष ठेवा, कारण दम संपल्यावरही आपण त्याचं नाव सांगत राहतो. गेली दोन वर्षं माझी नळी निळी आहे. आणि रिकाम्या हातानं चाला. कुणी विचारलं, कुठं चाललात, तर "चालायला" म्हणा. चार दिवस हसतील. मी आता तसंच सांगते. काशीताईंनी "आणि नवस?" असं विचारलं, तेव्हा त्यांनाही खरं काय ते सांगून टाकलं. त्या चार महिने बोलल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात उन्हं लवकर चढली होती. हौसाबाई पुढं, मी मागं. वळणावर ती थांबली, पदरानं मान पुसली, काळ्या दगडाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"बसा, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "तुमचं देऊळ आलं."

मला दम लागला होता. मी बसले नाही. तिच्या पुढं निघाले.